अर्धी गाडी भाजीची

दुपारचे साडेबारा वाजले की आमची गाडी जिथे असेल तिथे उभी राहायची. तिथे थांबा आहे की नाही, सावली आहे की नाही, हे कोणी विचारायचं नाही. दहाला बुलढाण्याहून सुटलेली गाडी खरं तर सव्वाबाराला साखरखेर्ड्याला पोचायला हवी, आणि बहुतेक दिवशी पोचायचीही. पण कधी चिखलीच्या स्टँडवर गर्दी व्हायची, कधी लव्हाळ्याच्या पुढे रस्ता खोदलेला असायचा, कधी बाजाराच्या दिवशी लोक पोत्यांसकट आणि कोंबड्यांसकट चढायचे. मग उशीर. आणि साडेबाराला मागून घंटीचा एक ठोका पडायचा. मी मुकाट्याने गाडी डाव्या अंगाला घ्यायचो. कंडक्टर आपल्या सीटवरून जाहीर करायचा, "पंधरा मिनिटं! ज्याले पाय मोकळे करायचे त्यानं करा. माहं जेवण हाय."

नवा प्रवासी असला की खवळायचा. "काऊन हो? आमाले लग्नाले जायचं हाय आन तुमी जेवून राह्यले?"

"लग्न थांबते पंधरा मिनिटं," कंडक्टर डब्याचं झाकण काढता काढता म्हणायचा. "माही साखर नाही थांबत."

रोजचे प्रवासी मात्र काही बोलायचे नाहीत. दोन शिक्षक होते, पोस्टातली एक बाई होती; घंटी पडली की तेही आपापले डबे उघडायचे. मला सुरुवातीला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. मी ड्रायव्हर माणूस. गाडी वेळेत नेली नाही तर माझं जेवण गोड लागत नाही. एका कंडक्टरच्या पोटासाठी पन्नास माणसं उन्हात उभी करायची, हा कुठला न्याय, असं मी डेपोत चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. कुणीच माझ्या बाजूने बोललं नाही. जुने लोक नुसते हसले.

डेपोत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि आमच्याकडे मास्तर बरेच होते. पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की हाच माणूस. देऊळघाटचा. अंगाने काटकुळा, खाकी शर्ट दोन मापं मोठा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रिटायर व्हायला वर्षभर उरलेलं. वीस-बावीस वर्षं अंगात साखर बाळगून होता, पण चालणं असं की चालत्या गाडीत मागच्या दारातून पुढच्या टोकापर्यंत कशालाही न धरता जायचा. नखं कायम कापलेली. साखरखेर्ड्याला गाडी लागली की बूट-मोजे काढून, मांडी घालून, खिशातल्या आरशात स्वतःचे तळपाय पाहायचा. रोज. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हा शांतपणे दोन बोटांमधल्या बेचक्यासुद्धा निरखायचा.

त्याच्या सीटमागच्या हुकाला एक लहानसं मडकं टांगलेलं असायचं, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. आत इन्सुलिनची बाटली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात औषध गार ठेवायची ही त्याची पद्धत. एकदा एक म्हातारी चढली, तिने मडकं पाहिलं, फडकं पाहिलं, आणि भक्तिभावाने हात जोडले. "कोन गेलं, बाप्पा?" तिने हळूच विचारलं. मास्तर तिचं तिकीट फाडत — म्हणजे आता मशीनमधून काढत — म्हणाला, "कोनी नाही गेलं, माय. मीच जाऊ नये म्हनून टांगलं हाय."

एकदा तर तपासणीचं पथक नेमकं साडेबाराला गाडीत चढलं. साहेब नवे, कडक. "मशीन द्या," म्हणाले. मास्तरने नुकतीच शर्ट वर करून पोटात सुई घेतली होती. तो डबा उघडून म्हणाला, "साहेब, सुई पोटात गेली. आता नाही खाल्लं तं तुमालेच मले उचलून दवाखान्यात न्या लागंल. बसा. हे मशीन घ्या, तुमी तुमचं काम करा, मी माहं करतो." साहेब लाल झाले. पण बसले. तपासणीत काही निघालं नाही. मास्तरने डब्याच्या झाकणावर काकडीच्या चार फोडी ठेवून त्यांच्या पुढे केल्या आणि त्यांच्या पट्ट्याकडे पाहत विचारलं, "साहेब, पोट कधीपासून सुटलं?" मी केबिनमधून ऐकत होतो. मला वाटलं, संपला आता मास्तर. पण साहेबांनी काकडी घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दोन वर्षं झाली." उतरताना त्यांनी मास्तरचा नंबर घेतला.

त्याच उन्हाळ्यात वार्षिक तपासणीत माझी साखर सापडली. बेचाळिशीतला धडधाकट माणूस मी, चौदा वर्षं स्टेअरिंगवर. डॉक्टरने कागद पुढे सरकवून सांगितलं, गोळ्या सुरू करा, खाणं सुधारा, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. तेव्हाही असंच निघालं तर गाडी चालवायला देता येणार नाही. हलकं काम मिळेल.

हलक्या कामावर बसलेले ड्रायव्हर मी पाहिले होते. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्यांची नावं पुकारायचे. स्टँडमध्ये एखादी गाडी जोरात वळली की त्यांचा उजवा पाय खिडकीखाली आपोआप दाबला जायचा. मला माहीत होतं, मी तसा बसलो तर वर्षभरात संपेन. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही. हे मी लाजून सांगत नाही. गाडी चालवताना मी माणसासारखा वागतो, उतरलो की भांडतो, हे माझी बायकोही कबूल करेल.

बायकोला सांगितलं आणि वर बजावलं की कुणाजवळ बोलायचं नाही, माहेरी तर मुळीच नाही. डेपोत कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याला मास्तर केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"किती निंगाली?"

"काय किती?"

"साखर बे. चार दिवसापासून पाह्यतो, दर घंट्याले गाडी थांबवून झाडामांगं जातं. पान्याच्या दोन दोन बाटल्या पेतं. मले काय गाडीतली हवा समजतं का?"

मी आधी उडवून लावलं. मग आकडा सांगितला. मग, कसं कोण जाणे, हलक्या कामाचंही सांगून टाकलं. तो माझ्या डब्याकडे हात करून म्हणाला, "उघड." माझ्या डब्यात चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर भात होता. मास्तरने त्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

"गाडीत सीटा किती?"

"चव्वेचाळीस."

"त्यातल्या बावीस भाजीच्या. रिझर्वेशन. तथी दुसरं कोनी बसनार नाही. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाकरीचा मानूस हाय. अकरा सीटा डाळीच्या, उसळीच्या, अंड्याच्या. अकरा भाकरीच्या. अर्धी गाडी भाजीची, हे ध्यानात ठेव, बाकीचं आपोआप बसते."

"आन भात?"

"उभा. जागा उरली तं घ्यायचा, नाही तं मांगच्या गाडीनं ये म्हना."

"आन गोड?" मी हे जरा चिडवायलाच विचारलं.

"गोडाले बंदी नाही. पन ते चढलं तं भाकरीच्या सीटवरून कोनीतरी उतरलं पाह्यजे. गाडी तेवढीच हाय." मग बोट वर करून म्हणाला, "आन चढवाची पद्धत असते. आंधी भाजी, मंग डाळ, मंग भाकर. तू सगळ्यायले एकदमच दारात घेतं, म्हनून गाडी भरते."

त्या दिवशी त्याने माझ्या दोन पोळ्या काढून स्टँडवरच्या गाईला घातल्या आणि स्वतःच्या डब्यातली अंबाडीची भाजी अर्धी मला दिली. डबा पाच पुडांचा. अंबाडी, मुगाची उसळ, कच्ची मेथी, एक उकडलेलं अंडं, दीड भाकर. एका पुडात फुणके, म्हणजे भिजवलेली डाळ वाटून वाफवलेले मुटके, आणि ताकाची बाटली. एवढं सगळं खायला त्याला पुरती पंधरा मिनिटं लागायची. मी पाच मिनिटांत डबा धुवायला निघणारा माणूस. त्याच्यासमोर बसून खाणं म्हणजे पहिले काही दिवस छळ होता. मी घास गिळला की तो म्हणायचा, "चावला का? मले तं आवाज नाही आला."

जेवण झालं की गाडीला दहा चकरा. उन्हात, वाऱ्यात, कशातही. आधी तो एकटा फिरायचा, मग मी, मग त्या पोस्टातल्या बाई, मग ते दोघे शिक्षक. साखरखेर्ड्याच्या स्टँडवर उभ्या गाडीभोवती पाच माणसं एकामागे एक फिरताना पाहून चहावाला रोज विचारायचा, "काय हो, देव हाय का आत?"

माझे स्वतःचेही काही शोध चालू होतेच. मी साखरेचा चहा सोडून गुळाचा धरला आणि मोठ्या ऐटीत मास्तरला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे साखरेनं कपडे बदलले आन तू तिले ओळखलं नाही." मग कुणीतरी सांगितलं की ज्वारीची भाकर साखरेला चांगली, म्हणून मी चार चार भाकरी हाणायला लागलो. त्यावर मास्तर म्हणाला, "मानूस चांगला हाय म्हनून एका सीटवर चार बसवशील का बे?" मला राग यायचा आणि हसूही यायचं. पण महिन्याभरात रात्रीचं उठणं थांबलं. दीड महिन्यात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मास्तरने माझ्या डब्यातून काढून घेणं बंद केलं.

तिसऱ्या महिन्यात धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे या अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. पुरण भरलेले, तुपात बुडवलेले. जावई म्हणजे त्या दिवशी नारायण, आणि नारायणाने नाही म्हणायचं नसतं. माझी सासरवाडी नेमकी आमच्या रस्त्यावर. सासूबाई थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "जावईबापू, गुरवारी सुट्टी हाय ना? धोंडे खायले या. मास्तर, तुमीबी येजा." मी घाबरलो. मास्तर म्हणाला, "येतो ना, माय."

गुरुवारी पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, ताटाभोवती वाट्याच वाट्या. सासूबाईंनी पहिलाच धोंडा वाढायला हात पुढे केला आणि शेजारून मास्तर म्हणाला, "माय, आंधी भाजी वाढ. जावयाले साखर हाय."

मी मान खाली घातली. मला त्या क्षणी मास्तरचा गळा धरावासा वाटला. सासूबाईंचे डोळे भरले, सासरे भिंतीकडे बघायला लागले. बायको दारात उभी होती. तिच्या तोंडावर मात्र काहीतरी सुटल्यासारखं दिसलं. मास्तरने सासूबाईंना विचारलं, "रडतं काऊन? जावई तुले पन्नास वर्स पाह्यजे का एकच महिना?"

सासूबाईंनी डोळे पुसले. परत आत गेल्या, वांग्याची भाजी आणि कोशिंबीर घेऊन आल्या, ताटातली पोळी स्वतःच्या हाताने काढली. सगळं खाऊन झाल्यावर एक धोंडा आला. एकच. मी तो दहा मिनिटं खाल्ला. वेलदोडा कळला, जायफळ कळलं, डाळ किंचित जास्त शिजलीय हेसुद्धा कळलं. चौदा वर्षांच्या संसारात मी कितीक धोंडे गिळले असतील, चव त्या दिवशी समजली. मास्तरने पाव धोंडा घेतला, डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाला, "वा! माय, हात धरनारं कोनी नाही तुहा." आणि दुसऱ्यांदा कुणी विचारायच्या आत ताटावर हात आडवा धरला. मी त्या हाताकडे पाहत राहिलो.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग मी माझी अक्कल चालवली.

रक्त तपासणीला आठ दिवस उरले होते. मन थाऱ्यावर नव्हतं. त्यात अधिक महिन्यातली चतुर्थी आली. मी विचार केला, उपास केला तर पुण्य अधिक महिन्याचं, आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही तर साखरही सणकून उतरेल. म्हणून सकाळी कारल्याचा पेलाभर रस प्यालो, नेहमीची गोळी घेतली, आणि चंद्र उगवेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही असं ठरवून गाडीवर चढलो. बायकोला सांगितलं की डबा मास्तरबरोबर खाईन. मास्तरला काही सांगितलं नाही, कारण त्याने मला गाडीतून ओढून उतरवलं असतं.

आभाळ भरलेलं होतं, वारा गार होता. चिखली सोडली तेव्हा ठीक होतो. लव्हाळा आलं तेव्हा मला वाटलं गाडी जड झालीय. मग समोरचा रस्ता मधूनच लांब जायचा आणि मधूनच जवळ यायचा. मला कशाचाच राग येत नव्हता, ही खरं तर मोठी खूण होती. मागून थांब्याची घंटी पडली. मी ती ऐकली, आणि ती कशासाठी असते ते मला आठवेना. थांबा मागे गेला. कोणीतरी ओरडलं.

मग माझ्या कानाशी मास्तरचा आवाज आला. तो केबिनमध्ये कधी आला ते मला कळलं नाही. आवाज अगदी हळू, लहान लेकराशी बोलावं तसा. "घाबरू नको. पाय काढ. हां. आता ब्रेक. हळू. डाव्या अंगाले घे. आनखी. बस." गाडी थांबली. त्याने हात घालून हँडब्रेक ओढला, गिअर काढला, किल्ली फिरवली. सगळं न बघता. मग शर्टाच्या खिशातून एक डबी काढली आणि माझ्या जिभेवर साखर टाकली. मूठभर साखर, ज्या माणसाने तीन महिने मला चिमूटभर चाखू दिली नव्हती त्याच्या हातची. वरून पाणी पाजलं. माझा शर्ट घामाने भिजून पाठीला चिकटला होता.

भान आलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसलेलो होतो आणि मास्तर मला भाकर भरवत होता. पन्नास माणसं गोल करून उभी. मी सगळं खरं सांगितलं. उपास, कारलं, गोळी.

"तीन महिन्याचं खानं एका उपासानं पुसते का बे?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "गोळी घेतली आन जेवला नाही. स्टेअरिंगवर बसून. मांगं लेकरं होती, दिसली नाही तुले?"

अर्ध्या तासात मला बरं वाटलं. मी म्हणालो, चला, नेतो गाडी. त्याने किल्ली दिली नाही. डेपोत फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. मग मी त्याला बाजूला घेऊन हात जोडले. "मास्तर, रिपोर्टात रेडिएटर तापला म्हनून लिहा. आठ दिवसानं तपासणी हाय. हे कागदावर आलं तं माहं स्टेअरिंग गेलं."

"जे झालं ते लिहीन," तो म्हणाला.

मी त्याला नाही नाही ते बोललो. तुम्हाला काय, तुम्ही मागे बसून घंटी वाजवता, स्टेअरिंग जाणं म्हणजे काय ते तुम्हाला काय कळणार, असंही बोललो. तो ऐकत राहिला आणि रकाना भरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. माझ्या पाठोपाठ मास्तरही आत आला, त्याला बोलावलं नसताना. साहेबांनी त्याचा रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला गाडीवर ठेवायचं कसं?"

"साहेब, मी बोलू का?" मास्तर म्हणाला. "अठरा वर्सांआंधी मी ड्रायव्हर होतो. तुमच्या फायलीत असंल."

मला हे माहीत नव्हतं. डेपोतल्या जुन्या लोकांना माहीत होतं, म्हणून ते हसत असत.

"सुई नवीन सुरू झाली होती. एक दिवस गाडीले उशीर झाला. मांगून लोकं ओरडून राह्यले होते, चला चला. म्या सुई घेतली आन डबा उघडला नाही. म्हनलं, पोचल्यावर जेवू. पोचलोच नाही. गाडी वावरात घुसली, धुऱ्याच्या बांधाले अटकली म्हनून उलटली नाही. कोनाले खरचटलंबी नाही. लोकं म्हनाले, बैल आडवा आला असंल. मी तसं लिहिलं असतं तं आजबी ड्रायव्हर असतो." त्याने चष्म्याची दोऱ्याची काडी सारखी केली. "दुसऱ्या दिवशी इथंच, याच टेबलाजवळ येऊन सांगितलं, मले आता स्टेअरिंग देऊ नका. कंडक्टरकी मांगून घेतली. माहं नाही वाचलं, साहेब, सुईवरच्या मानसाचं नाही वाचत. याचं वाचते. हा गोळीवर हाय. तीन महिने मी याले खाताना पाह्यलं हाय, येडा एकच दिवस झाला. रक्त तपासल्याबिगर याले उतरवू नका."

मी जमिनीकडे पाहत होतो. आदल्या दिवशी मी त्या माणसाला काय काय म्हणालो होतो, ते एकेक शब्द मला ऐकू येत होते. कुणी पकडलं नसताना, कुणी विचारलं नसताना, आपल्या जिवापेक्षा प्यारी गोष्ट आपल्या हाताने काढून टेबलावर ठेवायची, आणि मग अठरा वर्षं रोज त्याच गाडीत, त्या सीटच्या मागे उभं राहून घंटी वाजवायची. माझ्याच्याने हे झालं नसतं. आजही होणार नाही. साडेबाराला गाडी का थांबते, म्हणून मी डेपोभर ओरडत फिरलो होतो, याची मला शिसारी आली. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने दंड धरून उभं केलं. "साहेबासमोर नाटक नको," म्हणाला.

आठ दिवस मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. गाड्या पुकारल्या. खिडकीखाली माझाही पाय दाबला जायचा. साडेबाराला डबा उघडायचो, आधी भाजी, मग उसळ, मग भाकर, आणि मग स्टँडभोवती चकरा. डॉक्टरने गोळी बदलून दिली आणि उपासाचं नाव काढायचं नाही असं सांगितलं. रक्त दिलं. रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा पाकीट उघडायला हात होईना, डॉक्टरनेच उघडलं. म्हणाला, "हे तीन महिन्यांच्या खाण्याचं आहे. असंच चालू ठेवा. गाडी चालवा."

दुसऱ्या दिवशी दहाची साखरखेर्डा गाडी मला मिळाली. मास्तर मशीन गळ्यात अडकवून दारात उभा होता. मी रिपोर्ट दाखवला. त्याने चष्मा वर करून वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "चाल, टाइम झाला." बाकी काही नाही. सव्वाबाराला आम्ही साखरखेर्ड्याला होतो. जेवलो. चकरा झाल्या. प्रवासी सावलीला पांगले. गाडी रिकामी होती.

"जरा खाली उतर," मास्तर मला म्हणाला.

मी उतरलो. तो केबिनमध्ये चढला आणि माझ्या सीटवर बसला. पाठ सरळ केली. पाय पेडलवर गेले, न शोधता. समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, मग डावीकडच्या आरशात, मग उजवीकडच्या. हात मात्र दोन्ही गुडघ्यांवर ठेवले होते. मी खाली उभा राहून पाहत होतो. बराच वेळ गेला. माझ्याने राहवेना.

"मास्तर, धरा ना स्टेअरिंग. गाडी बंदच हाय. इथं कोन पाह्यते?"

त्याने स्टेअरिंगकडे पाहिलं. हात गुडघ्यांवरच राहिले.

"नाही बाप्पा," तो म्हणाला. "हात लावला तं मंग उतरू नाही वाटनार."

आणि तो उतरला.